मैनेच्या छातीवरचा घाव

१

मैनेच्या छातीवर, पुढच्या दोन पायांच्या मधोमध, मुठीएवढं लाल मांस बाहेर आलं होतं. त्यातून रक्त पाझरत होतं आणि हाकललं तरी माश्या उठत नव्हत्या. तांबडी, देखणी घोडी मान खाली घालून उभी होती. तिचा मालक अमरसिंह मात्र डॉक्टर महेश्वरी बिराजदारला सांगत होता की तपासण्यासारखं काही नाही, नुसत्या दोन ओळी लिहून द्यायच्या आहेत.

“धारदार हत्यारानं केलेली इजा, एवढंच लिहा बाई. बाकीचं पोलीस बघतील.”

महेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उमरग्यात तिचा जनावरांचा दवाखाना होता. तिच्या हाताला गुण होता आणि जिभेला धार होती, आणि लोक गुणासाठी धार सोसत. जनावराला हात लावण्याआधी त्याचं निदान सांगणारा माणूस तिला मुळीच सोसत नसे.

“आधी बघू तरी द्या,” ती म्हणाली.

काय घडलं ते जत्रेचे जुने पंच धुळाप्पा यांनी तिला सांगितलं. नागझरवाडीला सिद्धेश्वराच्या जत्रेत पालखीपुढं घोडा चालतो. तो मान मिळण्याआधी पंच देवळासमोरच्या पारावर घोड्याचं अंग बघतात, नाकपुडीपासून शेपटीपर्यंत. यंदा मैनेची पाळी आली. अमरसिंहानं सगळ्या गावासमोर तिच्या छातीवरचा घुंगरांचा पट्टा सोडला आणि खालचा हा प्रकार दिसला. त्यानं तिथल्या तिथं आपला मोतद्दार बब्रुवान याच्या कानाखाली वाजवली. सुट्टी नाकारली म्हणून यानं घोडीला विळा मारला, असं तो ओरडून बोलला. दुपारपर्यंत बब्रुवानचं सामान शेतातल्या खोलीतून बाहेर फेकलं गेलं. घोडीला चारापाणी घालून, खरारा करून ज्यानं पोरीसारखं सांभाळलं, त्याला एका शब्दानं कुणी काही विचारलं नाही.

“आणि तुम्ही?” महेश्वरीनं विचारलं.

धुळाप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मालकच बोलले म्हटल्यावर आपण काय विचारणार, असं काहीतरी ते पुटपुटले. उद्या सकाळी पंच पुन्हा बसणार होते. डॉक्टरचा कागद आला की बब्रुवान पोलिसांच्या हवाली होणार होता, आणि एकदा जनावराला विळा मारणारा म्हणून नाव झालं की तालुक्यात कुणी त्याच्या हातात दावं देणार नव्हतं. त्याला दुसरं कोणतंच काम येत नव्हतं.

महेश्वरी खाली बसली. तिनं मांसाच्या कडेवरून बोट फिरवलं. कडेची कातडी जाड होती, राखाडी, खरबरीत, भेगाळलेली. अशी कातडी एका आठवड्यात होत नाही. मग तिनं सबंध घोडी चाचपली. डाव्या मांडीच्या आत रुपयाएवढा केस गेलेला चट्टा होता, गजकर्णासारखा, पण मैनेला तिथं खाज नव्हती. कानामागं चामखिळीसारखा लहानसा खडबडीत उंचवटा होता. अमरसिंह घड्याळाकडे बघत उभा होता.

ती पुन्हा छातीकडे वळली. मांसाच्या बुडाशी, सगळीकडून, दोरा आवळल्यासारखी खोल खाच होती. तिनं खाचेत चिमटा घातला, तेव्हा मैना थरथरली. चिमट्याला काहीतरी लागलं. हळूच ओढलं तर ते लांबत आलं.

तो केस होता. घोड्याच्या शेपटीचा, जाड, गाठ मारलेला. तांबड्या घोडीच्या छातीत रुतलेला तो केस पांढराशुभ्र होता.

२

केस तिनं कापसात गुंडाळून बॅगेत टाकला आणि कुणाला काही बोलली नाही. कागद उद्या देते, एवढं सांगून ती निघाली. अमरसिंहाच्या कपाळावर आठी पडली ती तिनं पाहिली.

बब्रुवान शाळेच्या व्हरांड्यात होता. सुट्ट्या होत्या म्हणून हेडमास्तरांनी राहू दिलं होतं. गाठोडी, पत्र्याची पेटी, चूल, आणि एका कोपऱ्यात खरारा. पन्नाशीचा माणूस, डावा गाल अजून सुजलेला. महेश्वरीला पाहून त्यानं पहिला प्रश्न विचारला तो मैनेनं पाणी पिलं का, हा. तिचा राग आणखी वाढला, पण त्याचा रोख आता दुसरीकडे होता.

छातीवरचं तू आधी पाहिलं नव्हतंस का, असं तिनं विचारलं. रोज खरारा करणाऱ्याला एवढी गाठ दिसू नये?

“पट्टा काढायची मुभाच न्हवती, बाई. गेल्या दिवाळीपासनं. मालक सोता येऊन पट्टा सोडायचे, सोता बांधायचे. म्हनायचे, मानाची घोडी हाय, छातीला नजर लागती, तिथं तू हात लावू नगंस. म्या म्हनलं, घाम मुरंल, कातडं सडंल. तर म्हनले, तू मोतद्दार हायस, डाक्टर न्हाईस.”

“आणि विळा?”

“विळा गवताला लागतोय, बाई. मैनेला न्हाय.” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला त्यानं मान वळवली.

महेश्वरीनं केसाची गोष्ट काढली. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधला की ती सुकून गळते, हे तिला ठाऊक होतं. तिच्या स्वतःच्या आजोळी लोक असंच करत. पण घोड्याच्या अंगावरच गाठ असली तर? बब्रुवाननं लगेच सांगितलं. घोड्याला त्याचा स्वतःचा केस चालत नाही. दुसऱ्या घोड्याचा लागतो, आणि देवापुढं चाललेल्या घोड्याचा असला तर सगळ्यात बरा, अशी इकडं समजूत आहे.

“असा पांढरा घोडा जवळपास कुणाकडं आहे?”

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली बब्रुवानची बायको कमलबाई व्हरांड्याच्या पायरीवरच थांबली. तांब्या तिनं जमिनीवर ठेवला, महेश्वरीच्या हातात दिला नाही, आणि पदर ओढून ती मागच्या मागं निघून गेली. बब्रुवानचं तिकडं लक्ष नव्हतं.

“एकच हाय. मुरूमच्या ईरण्णाचा. आधी मान त्याच्याच घोड्याला असायचा. दोन वर्सांमागं काढून घेतला. तवा ईरण्णा भर पारावर बोलला व्हता, अमरसिंहाची घोडी पालखीपुढं कशी चालती ते बगतोच.”

३

मुरूमच्या बाजारातून आत वळलं की ईरण्णाचं घर. वरातीला घोडा देणारा माणूस म्हणून त्याला सगळे ओळखत. दारात सजावटीचं सामान वाळत घातलेलं होतं आणि आत अंगणात पांढरा घोडा उभा होता, वय झालेला, पोट सुटलेला, पण ऐटीत.

“बर्री डॉक्टरबाई, बर्री,” ईरण्णानं कानडीत स्वागत केलं आणि बसायला खुर्ची पुसली.

महेश्वरीनं फार आढेवेढे घेतले नाहीत. अमरसिंहाच्या घोडीला इजा झाली आहे हे त्यानं ऐकलं होतं. वाईट झालं, असं तो म्हणाला. घोडीचं वाईट झालं, अमरसिंहाचं नाही. पारावर बोललो होतो हे त्यानं कबूल केलं. रागात बोललो, आणि राग खरा होता, हेही सांगितलं.

“का घेतला मान काढून?”

ईरण्णानं उत्तर न देता घोड्याची शेपटी उचलली. खाली, उघड्या कातडीवर, काळ्या गाठी होत्या. काही मिऱ्याएवढ्या, एक-दोन बोराएवढ्या, सगळ्या गुळगुळीत आणि काळ्याभोर. महेश्वरीनं दाबून पाहिल्या. पांढऱ्या घोड्यांना उतारवयात असं होतंच, तिनं सांगितलं. कातडीला काळा रंग देणाऱ्या पेशींच्या या गाठी. शेपटीखाली, ओठांवर, कानाखाली येतात. बऱ्याच घोड्यांना वर्षानुवर्षं काही होत नाही, काहींच्या मात्र वाढतात आणि आत पसरतात, म्हणून बोटानं मोजत राहायचं आणि फुटली तर लगेच यायचं. रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि कुणाच्या पापाचाही त्याच्याशी संबंध नाही.

“हेच त्या पंचांना सांगितलं असतं कुणी तर,” ईरण्णा म्हणाला. “अमरसिंहानं भर पारावर शेपटी उचलून दाखवली, बाई. म्हनला, अंगातनं उगवलेली गाठ म्हंजे खोड. खोडीचा घोडा देवापुढं चालत न्हाय. घाव असता तर चाललं असतं, घावाला हळद लावून मान देत्यात. पन गाठ चालत न्हाय. हा नियम कुनाला ठावंच न्हवता. त्यानं काढला, आन् पंचांनी मान डोलवली.”

 महेश्वरीनं शेपटीकडे बोट दाखवून विचारलं, हे केस कुणी मागायला येतात का? ईरण्णा हसला. रोजच येतात. चामखिळीला, मुलांच्या करदोट्याला, कशाकशाला. देवापुढं चाललेला घोडा म्हणून लोकांची श्रद्धा. नाही कुणाला म्हणत नाही.

“नागझरवाडीहून कोण आलं होतं?”

तो आठवत राहिला. त्याला त्या गावची एकच बाई आठवली, कारण तिनं केस घेतला आणि डोळे वर न करता, चहा न घेता निघून गेली. अमरसिंहाच्या शेतावर राहणारी. संक्रांतीच्या मागंपुढं आली असेल.

“बब्रुवानची बायको. कमलबाई,” तो म्हणाला.

४

परतीच्या वाटेवर महेश्वरीनं स्वतःशीच भांडण मांडलं. बब्रुवानला मी खरा मानलं, आणि केस त्याच्याच घरात आला. उद्या पंचांसमोर ईरण्णा हे बोलला की खेळ संपला. बायकोनं आणला, नवऱ्यानं बांधला, घोडीची नासाडी झाली, मालक खरा ठरला. एवढ्या सरळ गोष्टीला कोण नाही म्हणेल?

पण ती गोष्ट तिला पटत नव्हती. गाठ काढायला केस बांधणारा माणूस गाठीबद्दल विळ्याची थाप ऐकून गप्प का बसेल? आपण केस बांधला होता, एवढं कबूल केलं असतं तर बब्रुवान पोलिसांपासून वाचला असता. त्याला केसाचं ठाऊकच नव्हतं. त्यानं तर पांढऱ्या घोड्याचं नाव आपल्या तोंडानं सांगितलं.

कमलबाई शाळेमागच्या हापशावर भांडी घासत होती. महेश्वरी तिच्या समोर दगडावर बसली आणि ईरण्णाकडून कळलेलं सगळं तिला सांगितलं. कमलबाईचा हात थांबला. तिनं राख लावलेली परात तशीच धरून ठेवली.

कुणासाठी आणला केस, या प्रश्नावर ती बोलेना. पोलिसांचं नाव काढलं तरी बोलेना. म्या शब्द दिलाय, एवढंच दोनदा म्हणाली.

महेश्वरी चिडली. हिचा नवरा उद्या गावातून उठणार, आणि ही शब्द सांभाळत बसली आहे. तोंडावर आलेलं कडू वाक्य तिनं मोठ्या मुश्किलीनं गिळलं आणि त्या बाईकडे नीट पाहिलं. कमलबाई घाबरलेली नव्हती. ती कुणाची तरी लाज राखत होती, आणि ती लाज तिची स्वतःची नव्हती. एखादी बाई नवऱ्याच्या अब्रूपेक्षा मोठं असं काय मानेल? महेश्वरीनं स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईच्या तोंडी हे ऐकलं होतं. लग्नाला आलेल्या पोरीबद्दल वावगं बोलू नये, आपली असो नाहीतर परक्याची.

“कुणाच्या तरी लेकीसाठी आणलास,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “तुझ्या मालकाच्या?”

कमलबाईच्या हातातली परात खाली पडली.

मग ती बोलली. अमरसिंहानं तिला एकटीला गाठून सांगितलं होतं. शिवांजलीच्या मानेवर चामखीळ आली आहे, लातूरकडचे पाहुणे बघायला यायचे आहेत, डॉक्टरकडं नेली तर गोष्ट चार तोंडी जाईल. ईरण्णाच्या घोड्याचा केस आणून दे, आणि हे घरच्यांनाही कळता कामा नये. कमलबाईनं त्या पोरीला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तिनं देवाची शपथ घेतली.

महेश्वरी उठली. अमरसिंहाच्या घराच्या मागच्या अंगणात शिवांजली पुस्तक घेऊन बसली होती. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, केस वर बांधलेले, मान उघडी. महेश्वरीनं सरळच विचारलं, मानेवरची चामखीळ कधी गेली?

“कुठली चामखीळ?” शिवांजलीनं पुस्तक मिटलं. “मला कधीच नव्हती. कुणी सांगितलं तुम्हाला?”

५

सकाळी पंच बसायच्या आत महेश्वरीनं सगळ्यांना घोडीच्या पागेत बोलावलं. धुळाप्पा आले, अमरसिंह आला, त्याच्या मागं शिवांजली आली. बब्रुवान आणि कमलबाई दाराशी उभे राहिले. बब्रुवानचा आवाज ऐकताच मैनेनं मान वर केली आणि नाकानं फुरफुर केली.

अमरसिंहानं कागद मागितला.

“कागद नाही,” महेश्वरी म्हणाली. “हा घाव नाहीच. बघा, धुळाप्पा. विळ्यानं कापलेलं आकसत जातं, कडा एकमेकीकडे येतात. हे वाढतंय. कडेची ही जाड कातडी कित्येक महिन्यांची आहे. मांडीत हा केस गेलेला चट्टा, कानामागं ही चामखीळ. विळा एका वेळी तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं कापत नाही. तिन्ही एकाच रोगाची रूपं आहेत. त्याला सारकॉइड म्हणतात. घोड्यांच्या कातडीवर सगळ्यात जास्त दिसणारी गाठ हीच.”

धुळाप्पांनी वाकून मांडीतला चट्टा पाहिला. इतक्या वर्षांत असे चट्टे आपण शंभरदा पाहिले आणि गजकर्ण म्हणून सोडून दिले, असं ते म्हणाले.

पुढचं तिनं सावकाश सांगितलं. हा रोग गाईबैलांच्या चामखिळीच्या विषाणूतून येतो असं मानतात, आणि माश्या तो पसरवतात. मैनेची पागा गोठ्याला लागून आहे. गाठ लहान असते तेव्हा फार त्रास देत नाही. पण तिला अर्धवट छेडलं, जाळलं, कापलं, आवळलं, की ती पिसाळते आणि काही आठवड्यांत अशी फुलते. जखमेवर माजलेलं मांसही असंच दिसतं, म्हणून पूर्ण खात्री तुकडा तपासल्यावरच होईल. पण या गाठीला कुणीतरी आवळलं होतं हे सांगायला तपासणी लागत नाही. तिनं कापूस उलगडला आणि पांढरा केस सगळ्यांना दाखवला.

अमरसिंह पटकन म्हणाला की मग झालंच, हा ईरण्णाच्या घोड्याचा केस, आणि तो आणला बब्रुवानच्या बायकोनं.

 महेश्वरी त्याच्याकडे वळली.

“कमलबाईनं आणला हे तुम्हाला कसं कळलं? हे काल संध्याकाळी मला कळलं, आणि मी कुणालाही सांगितलेलं नाही.”



महेश्वरीला आता थांबायचं नव्हतं. दिवाळीत तुम्हाला मैनेच्या छातीवर गाठ दिसली, ती म्हणाली. ईरण्णाचा घोडा गाठीवरून तुम्हीच बाद केला होता. तोच नियम आता तुमच्या दारात आला. म्हणून पट्टा बांधलात आणि मोतद्दाराला छातीला हात लावू दिला नाही. डॉक्टरला बोलावलं असतं तर गाठ गावाला कळली असती. म्हणून केस. ज्याच्या घोड्याचा अपमान केला त्याच्या दारात स्वतः जायची हिंमत नव्हती, म्हणून कमलबाई, आणि तिच्यासाठी लेकीच्या मानेवरच्या चामखिळीची थाप. केसानं गाठ अर्धी तुटली आणि उरलेली माजली. जत्रा जवळ आली, पट्टा सोडणं भाग होतं. गाठ चालत नाही, पण घाव चालतो. आणि घाव म्हटला की घाव घालणारा लागतो.

“घोडीच्या भल्यासाठी केस बांधला,” अमरसिंह शेवटी म्हणाला. “काय गुन्हा केला? आपल्याकडं सगळेच बांधत्यात.”

“केस बांधलात ती चूक झाली. चूक कुणाचीही होते. पण त्या चुकीसाठी तुम्ही या माणसाच्या कानाखाली मारलीत, याचं बिऱ्हाड रस्त्यावर फेकलंत आणि याला तुरुंगात घालायला माझी सही मागितलीत. एवढं करून तुम्हाला रात्री झोप लागत होती?”

बब्रुवान बायकोकडे पाहत होता. त्याला अजून सगळं उमगलेलं नव्हतं. कमलबाई पुढं आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मालकाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलली.

“तुमच्या लेकीची लाज राखाया म्या माझ्या नवऱ्याची घालवली, मालक. आन् तिला तर काय झालंच न्हवतं.”

६

मैनेला उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायचं ठरलं. गाठ पुरी काढायची, बुडासकट, आणि पुन्हा उगवते का त्यावर लक्ष ठेवायचं. इथं पागेत अर्धवट हात घालणं महेश्वरीला मान्य नव्हतं. तिनं टेम्पो बोलावला. टेम्पोत चढायला मैना तयार होईना. अमरसिंहानं दोर ओढला तर ती मागच्या पायांवर उभी राहिली. बब्रुवाननं पुढं होऊन तिच्या मानेवर हात ठेवला आणि ती त्याच्या मागून चढून गेली.

अमरसिंह टेम्पोजवळ आला. झालं गेलं विसरून जा, तो बब्रुवानला हळू आवाजात म्हणाला, आजच खोली उघडून देतो, पंचांना मी काहीतरी सांगतो. ते ‘काहीतरी’ ऐकून महेश्वरीचं डोकं फिरलं. गावासमोर मारलं आणि माफी टेम्पोच्या आडोशाला. ती तोंड उघडणार तेवढ्यात शिवांजली बापाच्या बाजूनं निघून थेट पाराकडे चालू लागली. पारावर पंच आणि निम्मं गाव जमलं होतं.

“कुठं चाललीस?” अमरसिंह तिच्या मागं धावला.

“माझं नाव घेऊन खोटं बोललात ना, पप्पा. आता मीच तिथं उभी राहते, मान दाखवते आणि सांगते की मला चामखीळ नव्हती. केस कुणासाठी आणला तेही सांगते.”

अमरसिंहाचा चेहरा उतरला. पोरगी सगळ्या गावासमोर आपल्या अंगाबद्दल बोलणार, ही कल्पनाच त्याला सोसेना. ज्या लाजेला धरून त्यानं कमलबाईचं तोंड बंद केलं होतं, तीच लाज आता त्याच्या मानगुटीवर बसली होती. त्यानं लेकीचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि पाराच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

“थांब,” तो म्हणाला. “म्या बोलतो.”

तो वर चढला.  टेम्पो पाराजवळ येऊन उभा होता आणि मैनेच्या छातीवरचं लाल मांस सगळ्यांना दिसत होतं.  अमरसिंहानं सांगितलं की बब्रुवाननं घोडीला काही केलेलं नाही. गाठ होती. केस त्यानं स्वतः बांधला होता. विळ्याची गोष्ट खोटी होती, आणि ती त्यानंच रचली होती. एवढं बोलून तो खाली बसला, आणि कुणी त्याच्याजवळ गेलं नाही.

धुळाप्पा उठले. अंगातून उगवलेल्या गाठीत जनावराचा काय दोष, आम्ही तेव्हा मान डोलवली ती चूक झाली, आणि आता पुढच्या जत्रेपासून घोड्याचं अंग डॉक्टरच बघेल, असं ते म्हणाले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बऱ्याच माना खाली गेल्या होत्या. त्या दिवशी बब्रुवानच्या कानाखाली बसली तेव्हा हसणारे, बघत उभे राहणारे, सगळे तिथंच होते.

कमलबाई टेम्पोत चढली आणि मैनेची दुसरी बाजू धरून उभी राहिली. बब्रुवाननं तिच्याकडे पाहिलं. तिला काहीतरी विचारावं असं त्याच्या मनात आलं असेल, पण त्यानं नुसता तिचा हात दोरावर नीट धरून दिला.

अमरसिंह गर्दीतून वाट काढत टेम्पोशी आला. गावाच्या देखत त्यानं हात जोडले.

“बब्रुवान, कामावर ये. तुझ्याशिवाय तिला कोण बघनार?”

“मैना बरी व्हईस्तवर म्या तिचा मोतद्दार हाय,” बब्रुवान म्हणाला. “तुमचा न्हाय.”

महेश्वरी पुढं ड्रायव्हरशेजारी बसली आणि त्याला गाडी हळू चालवायला सांगितलं.